न रडणारी मुलं

गेल्या पावसाळ्यात भाचीबरोबर तिच्या लेकीला आणायला पाळणाघरात गेले होते. डोंबिवलीतली जुनी इमारत, दुसऱ्या मजल्यावरचा दोन खोल्यांचा ब्लॉक, दाराबाहेर ओळीनं काढून ठेवलेल्या इवल्या चपला आणि आतून येणारा मऊ भाताचा, तुपाचा, बेबी पावडरचा मिसळलेला वास. भाचीची लोकल त्या दिवशी मुंब्र्याच्या अलीकडे रखडली होती, त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा बाकीची मुलं घरी गेली होती. सव्वा वर्षाची पोर फरशीवर पाय पसरून स्टीलच्या वाट्या एकात एक घालत बसली होती. मोठीत मधली, मधलीत धाकटी. मग सगळ्या ओतायच्या आणि पुन्हा सुरू. भाची दारातूनच म्हणाली, "आले गं माझ्या राणी!" पोरीनं मान वर केली, आईकडे पाहिलं. चांगलं निरखून पाहिलं, आणि पुन्हा वाट्यांकडे वळली. काकू कौतुकानं म्हणाल्या, "पहिले आठ-दहा दिवस घर डोक्यावर घेतलं होतं हो हिनं. आता बघा, अजिबात रडत नाही. शहाणी झाली." भाची हसली. जिना उतरताना मात्र ती काही बोलली नाही, आणि पोर तिच्या खांद्यावरून मागे, काकूंच्या बंद होत आलेल्या दाराकडे बघत राहिली.

घरी आल्यावर पोर जेवली, खेळली, आईला बिलगून झोपली. काळजी करावी असं काहीच नव्हतं, आणि काकूंबद्दल तर मला आदरच आहे. कोणाला वरणात तूप चालत नाही, कोणाला झोपवताना पाठीवर थोपटलेलं आवडत नाही पण कपाळावर हात ठेवला की दोन मिनिटांत डोळे मिटतात, हे सगळं त्यांना पाठ असतं. तरी ती नजर मनातून जाईना. मूल रडलं नाही की आपण त्याला गुणाचं म्हणतो. कुणाकडेही गेलं, आई बाहेर पडली तरी भोकाड पसरलं नाही, की मुलाबरोबर आईचंही कौतुक होतं. जे रडतं ते लाडावलेलं, आईवेडं. 'हिनंच सवय लावून ठेवलीय' हे ऐकवायला शेजारपाजार तयार असतो. मला सतावत होता तो प्रश्न न रडणाऱ्या मुलाचा. त्याच्या आत तेव्हा काय चाललेलं असतं?

शंभरेक वर्षांपूर्वी एका आजोबांनी नेमकं हेच पाहिलं होतं. १९१५ साली, पहिलं महायुद्ध चालू असताना, मनोविश्लेषणाचा जनक सिग्मंड फ्रॉइड हॅम्बुर्गला लेकीकडे, सोफीकडे काही आठवडे राहिला होता. जावई आघाडीवर. नातू अर्न्स्ट दीड वर्षाचा. फ्रॉइडनं लिहून ठेवलंय की पोरगा फार गुणी होता. रात्री त्रास देत नसे, 'हात लावू नको' म्हटलं की लावत नसे, आणि मुख्य म्हणजे आई काही तास घराबाहेर गेली तरी कधी रडत नसे. सोफीनं त्याला स्वतः अंगावर पाजलं होतं, दुसऱ्या कुणाची मदत न घेता वाढवलं होतं, आईवर त्याचा फार जीव होता, आणि तरीही तो रडत नसे. त्याची एकच सवय घरच्यांना नको व्हायची. हाताला लागेल ती लहानसहान वस्तू तो कोपऱ्यात, पलंगाखाली भिरकावून द्यायचा आणि फेकताना लांबलचक 'ओ-ओ-ओ-ओ' असा आवाज काढायचा. हे जर्मन 'फोर्ट' आहे, म्हणजे 'गेलं', असं त्याच्या आईचं आणि आजोबांचं एकमत झालं. मग एक दिवस आजोबांना त्या खेळाचा दुसरा भागही दिसला. पोराच्या हातात दोरा बांधलेलं लाकडी रीळ होतं. पडदे लावलेल्या आपल्या पलंगाच्या काठावरून त्यानं ते आत टाकलं, 'ओ-ओ-ओ' केलं, मग दोरा ओढून बाहेर काढलं आणि आनंदानं ओरडला, 'दा!' आलं!

या छोट्याशा खेळावर जगभरात किती लिहिलं गेलंय याला गणती नाही. मला भावतं ते फ्रॉइडचं अगदी साधं निरीक्षण. तो म्हणतो, आईला विनातक्रार जाऊ देणं ही त्या एवढ्याशा जिवाची केवढी मोठी कमाई होती, आणि त्या कमाईची भरपाई तो खेळातून करून घेत होता. आई जाते तेव्हा त्याच्या हातात काही नसतं. रीळ मात्र तो स्वतः घालवतो आणि स्वतः परत आणतो. त्यात थोडा रागही आहे: जा, मला नकोच आहेस तू, मीच तुला घालवतोय. पण मला सर्वात अस्वस्थ करते ती आणखी एक गोष्ट. रीळ परत येण्यात जास्त आनंद होता हे उघड दिसत असूनही पोरगा पहिलाच भाग, घालवून देण्याचा, पुन्हा पुन्हा खेळायचा. कितीदा तरी नुसतंच 'गेलं, गेलं'. हे सगळं फ्रॉइडनं १९२० साली एका पुस्तकात छापलं. त्याच वर्षी जानेवारीत, फ्लूच्या साथीत, सोफी गेली. वय २६. त्या पुस्तकात एक तळटीप आहे: मूल पावणेसहा वर्षांचं असताना त्याची आई वारली, आणि ती खरोखरच 'गेली' तेव्हा त्या मुलानं दुःखाची कसलीच खूण दाखवली नाही. लेक गमावलेल्या बापानं हे वाक्य कसं लिहिलं असेल, हा विचार ते वाचताना दर वेळी येतो.

मुलगा रडला नाही, याची नोंद त्या एकाच पुस्तकात दोनदा आहे.

आमच्या घरात एक किस्सा आहे. लग्नकार्यात, मुंजीत, चार माणसं जमली की कुणीतरी तो काढतंच. मी दोन-अडीच वर्षांची असताना माझा पाठचा भाऊ सातव्या महिन्यातच जन्मला. कापसात वाढवलेलं बाळ. मुंबईतल्या एका रुग्णालयात त्याला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, आई तापानं फणफणलेली, लहान मुलांना वॉर्डात यायला बंदी, वडिलांची नोकरी फिरतीची. तेव्हा आत्या आली आणि मला एस.टी.त घालून चिपळूणला घेऊन गेली. पुष्कळ दिवसांनी आई बाळाला घेऊन मला न्यायला आली, तेव्हा मी आत्याच्या पदराआड उभी राहिले आणि विचारलं, "त्या बाई कधी जाणार?" इथे सगळे हसतात. आईसुद्धा हसायची. मला मात्र त्या घरातलं दुसरंच काही आठवतं, किंवा आठवतं असं वाटतं. मागच्या पडवीतला गार अंधार, वाळत घातलेल्या सुपाऱ्यांचा वास, आत्याच्या हातांना येणारा आमसुलांचा आंबूस वास, आणि उंबऱ्यावर बसून मी करवंटीत माती भरतेय, उपडी करतेय, पुन्हा भरतेय. त्या घरात मला कुणी कधी रागावलं नाही. आत्यानं मला अगदी जीव लावला. शेवटपर्यंत ती अभिमानानं सांगायची, "पहिले दोन-तीन दिवस आई-आई केलंन, मग नाव म्हणून काढलं नाही हो तिनं!"

काही वर्षांपूर्वी मी आईला विचारलं, त्या वेळी तुला काय वाटलं होतं? हा प्रश्न तिला आजवर कुणीच विचारला नव्हता. ती बराच वेळ हातातली भाजी निवडत राहिली. मग म्हणाली, "मला वाटलं, हिला आता मी नको झालेय. मग मीही फार जवळ घेतलं नाही. म्हटलं, ओढून घेतलं तर आणखी घाबरेल."

मनोविश्लेषणाकडे, मनाच्या आत दडलेलं शोधणाऱ्या त्या शास्त्राकडे, मी ओढले गेले ती बहुधा या किश्श्यामुळेच. या विषयावरचं लिखाण सुरुवातीला परकं वाटतं. लहान मुलांवर काम करणाऱ्या मनोविश्लेषक मेलनी क्लाइनचं तर फारच. तिचं म्हणणं असं की अगदी तान्ह्या बाळाच्या मनातही प्रेम आणि संताप दोन्ही टोकाचे असतात. भूक लागल्यावर समोर येणारी, दूध देणारी ती एक, आणि भूक लागूनही न येणारी ती दुसरी. बाळाच्या लेखी या दोन वेगवेगळ्या असतात; एकीवर जीव, दुसरीला फाडून खावं एवढा राग. साधारण अर्ध्या वर्षाच्या आसपास त्याला उमगू लागतं की या दोघी एकच आहेत. जिचा नाश व्हावा असं वाटलं तीच ही. मग त्याला दुःख होतं, आणि मोडलेलं सांधावं अशी इच्छाही होते. दात येणाऱ्या बाळाला पाजणाऱ्या कुठल्याही आईला विचारा. बाळ कचकन चावतं, आई कळवळते, हातून हलकी चापट बसते. बाळ पिणं थांबवतं, दूध हनुवटीवरून ओघळत असताना आईच्या चेहऱ्याकडे टक लावून बघतं, खालचा ओठ थरथरतो. आणि मग ते हात वर करून आईच्या गालाला चापटी लावल्यासारखं थोपटतं. हे मी पाहिलंय. क्लाइनचं सगळंच मला पटत नाही, पण त्या थोपटण्यापुढे मला तिचं हे म्हणणं खोटं म्हणता येत नाही.

क्लाइनची सगळी नजर मात्र बाळाच्या आत लागलेली होती. बाहेर, खऱ्या घरात, खऱ्या आईचं काय चाललंय याची तिला फारशी पर्वा नव्हती. तिच्याच देखरेखीखाली शिकत असलेला जॉन बोल्बी एका तीन वर्षांच्या फार चंचल मुलावर उपचार करत होता. मुलाला घेऊन येणारी आई बाहेरच्या खोलीत बसायची. अत्यंत चिंताग्रस्त, खचलेली बाई. बोल्बीला तिच्याशी बोलायचं होतं. क्लाइननं मनाई केली. तीनेक महिन्यांनी त्या आईला मनोरुग्णालयात दाखल करावं लागलं, आणि क्लाइनला वाईट वाटलं ते मुलाला आता कोण आणणार आणि उपचार कसे चालणार याचं. बोल्बीनं ही हकिकत पुढे स्वतःच सांगितली आहे. तो १९०७ साली लंडनच्या सुखवस्तू घरात जन्मला. त्या वर्गाच्या रीतीप्रमाणे आई भेटायची ती दिवसातून तासभर, दुपारच्या चहानंतर. वाढवलं मिनी नावाच्या दाईनं, आणि तो चारेक वर्षांचा असताना ती काम सोडून गेली. आई शाबूत असलेल्या या माणसानं आई गमावणं म्हणजे काय हे मिनीमुळे जाणलं होतं. कोण गेलं, किती दिवस गेलं, मागे कोण उरलं, या साध्या खऱ्या घटनांनी मूल घडतं, हे सांगण्यात त्यानं पुढचं सगळं आयुष्य घालवलं. बाळाची आईकडची ओढ दुधासाठी नसते. ती ओढ हीच स्वतंत्र भूक असते. हे म्हटल्याबद्दल त्याच्याच बिरादरीनं त्याला बरीच वर्षं जवळजवळ वाळीत टाकलं होतं.

त्याच्याबरोबर काम करणाऱ्या जेम्स रॉबर्टसनबद्दल मला विशेष माया आहे. दुसऱ्या महायुद्धात फ्रॉइडची धाकटी लेक ॲना फ्रॉइड लंडनमध्ये हॅम्पस्टेडला लहान मुलांसाठी निवासी पाळणाघरं चालवायची. रॉबर्टसन तिथे बॉयलर सांभाळायला होता. ॲना फ्रॉइडचा नियम असा की तिथे काम करणाऱ्या प्रत्येकानं, मग तो कोणत्याही कामावर असो, मुलांबद्दल जे दिसेल ते कार्डावर लिहून ठेवायचं. बघायला तो तिथे शिकला. युद्धानंतर बोल्बीनं त्याला रुग्णालयातली मुलं पाहायला पाठवलं. त्या काळी मुलांच्या वॉर्डात आईवडिलांना भेटायची वेळ अगदी मोजकी असे, कारण पालक येऊन गेले की मुलं रडतात, आणि न आले की वॉर्ड कसा शांत राहतो, अशी डॉक्टर-परिचारिकांची खात्री होती. रॉबर्टसन त्या शांततेकडे बघत बसला. त्याला दिसलं की आधी मूल आकांत करतं. मग हळूहळू त्याचा आवाज बसतो, ते निपचित पडून राहतं. आणि मग ते पुन्हा खाऊ लागतं, खेळू लागतं, परिचारिकांकडे बघून हसू लागतं, आणि आई आली तर तिच्याकडे ढुंकून बघत नाही. वॉर्डाच्या लेखी मूल आता सावरलेलं असतं. रॉबर्टसन म्हणाला, नाही, त्यानं आशा सोडून दिली आहे.

कुणी विश्वास ठेवेना, म्हणून त्यानं कॅमेरा घेतला. लॉरा नावाची दोन वर्षांची मुलगी हर्नियाच्या साध्या शस्त्रक्रियेसाठी आठ दिवस रुग्णालयात. मुद्दाम निवडून वाईट क्षण टिपले असं कुणी म्हणू नये म्हणून त्यानं रोज ठरलेल्या वेळी चित्रण केलं, भिंतीवरचं घड्याळ दिसेल असं. लॉरा फार रडतसुद्धा नाही. चेहरा आवरून धरते, आणि मधूनच बारीक आवाजात आई हवी म्हणते. १९५२ साली हे चित्रण लंडनच्या डॉक्टरांच्या सभेत दाखवलं तेव्हा सभा खवळली. आमच्या वॉर्डात असं होत नाही, हा आरोप आहे, असं डॉक्टर बोलून गेले. पण १९५९ साली ब्रिटनच्या सरकारी समितीनं मुलांच्या वॉर्डात आईवडिलांना मोकळेपणानं येऊ द्यावं अशी शिफारस केली. त्यामागे त्या लहान मुलीच्या आवरून धरलेल्या चेहऱ्याचा वाटा मोठा होता.

हे सगळं वाचलेलं असल्यानेच वाट्या एकात एक घालणारी ती पोर पाहून माझ्या पोटात गोळा आला. पण वाचलेलं असल्यानेच हेही ठाऊक होतं की मुलाचं शांत असणं एकाच प्रकारचं नसतं. मनोविश्लेषक एरिक एरिक्सननं लिहिलंय की बाळाची समाजातली पहिली कमाई म्हणजे आई नजरेआड झाली तरी फार घाबरून वा चिडून न जाणं, कारण ती बाहेर भरवशाची ठरल्यामुळे आत पक्की बसलेली असते. म्हणजे आई आत आहे म्हणून शांत असलेलं एक मूल, आणि आईची वाट बघणं सोडलं म्हणून शांत असलेलं दुसरं. आई जाताना दोघंही सारखीच दिसतात. बोल्बीची सहकारी मेरी एन्सवर्थ हिनं बाल्टिमोरमध्ये वर्षाच्या आसपासच्या बाळांचं निरीक्षण केलं, तेव्हा तिनं जाणाऱ्या आईपेक्षा परतणाऱ्या आईकडे लक्ष दिलं. आई खोलीत परत आली की काही बाळं रडत-रडत तिच्याकडे झेपावतात, कुशीत शिरतात आणि थोड्या वेळात परत खेळायला लागतात. काही चिकटतात आणि चिकटूनही तिला मारत राहतात, काही केल्या निवत नाहीत. आणि काही बाळं आईकडे पाठ करून खेळण्यातच गुंतल्यासारखी दाखवतात. नंतरच्या संशोधकांनी अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले. वरून शांत दिसणाऱ्या त्या बाळांची छाती आतून धडधडतच होती.

जे मूल आईला बघताच हंबरडा फोडतं, ते तिला सांगत असतं की तू परत येशील असं मला वाटत होतं.

आईच्या बाजूनंही हे समजून घ्यायला हवं, आणि इथे मला या साऱ्या थोर मंडळींवर रागही येतो. बोल्बीनं १९५१ साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहिला तो युद्धात बेघर झालेल्या, संस्थांमध्ये वाढणाऱ्या मुलांबद्दल. तो पुढे वापरला गेला तो कामाला जाणाऱ्या बायकांना घरी बसवायला. मुलाचं काहीही बिनसलं की बोट आईकडे, ही सवय आपल्याकडे आधीपासून होतीच, तिला शास्त्राचा आधार मिळाला. माझी भाची सकाळी सातच्या आत घर सोडते. २०१७ साली कायद्यानं प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली याचा तिला फायदा मिळाला, आणि तो मोठाच आहे. पण २६ आठवडे म्हणजे सहा महिने. रेने स्पिट्झ या मनोविश्लेषकानं दाखवून दिलंय की साधारण आठव्या महिन्याच्या सुमाराला बाळ अनोळखी चेहऱ्याला बिचकू लागतं. आपली आज्जी हेच 'बाळ आता माणसं ओळखायला लागलं' अशा शब्दांत सांगते. म्हणजे बाळाला आई ही एकमेव, बदलता न येणारी व्यक्ती वाटू लागते त्याच्या तोंडावरच रजा संपते. भाचीनं पुढे बिनपगारी रजा घेऊन वर्ष गाठलं. सगळ्यांना ते जमत नाही. त्याच कायद्यात ५० किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या आस्थापनांनी पाळणाघराची सोय करावी असं म्हटलंय, ती सोय आमच्या ओळखीत अजून फारशी कुणाच्या पदरात पडलेली नाही.

डोनाल्ड विनिकॉट मला या सगळ्यांत जवळचा वाटतो तो म्हणूनच. तो मुळात बालरोगतज्ज्ञ. लंडनच्या पॅडिंग्टन ग्रीन इथल्या मुलांच्या रुग्णालयात त्यानं चाळीसेक वर्षांत हजारो आया आणि बाळं पाहिली. त्यामुळे त्याच्या लिखाणाला दवाखान्यातल्या गर्दीचा, औषधाचा, लंगोटांचा वास आहे. नुसतं बाळ असं काही नसतंच, तो म्हणाला. बाळ म्हटलं की त्याला धरणारं कुणीतरी त्यात आलंच. आई परिपूर्ण असायची गरज नाही, पुरेशी चांगली असली की झालं. सुरुवातीला ती बाळाच्या मागणीला अगदी तंतोतंत धावते, आणि मग दिवसेंदिवस, बाळाला पेलेल एवढ्याच बेतानं, उणी पडत जाते. त्या उणेपणातूनच बाळाला जग म्हणजे आपल्याहून वेगळं काही आहे हे कळतं. आईला आपल्या बाळाचा तिरस्कारही वाटतो, त्याची अठरा कारणं त्यानं एका लेखात मांडली आहेत. रात्री तिसऱ्यांदा उठलेली बाई 'मेल्या, झोप की आता' असं दात ओठ खाऊन म्हणते आणि तरीही थोपटत राहते. हे थोपटत राहणं त्याला फार मोलाचं वाटायचं.

आणि गोधडी. विनिकॉटनं ती पाहिली नसणार, पण त्यानं पाहिलं ते पांघरुणाचं टोक, लोकरीचा बोळा, चोखून चोखून कडक झालेला कापडाचा तुकडा. आई आणि बाळ यांच्या मधल्या जागेतली पहिली मालकीची वस्तू. आपल्याकडे ती आईच्या जुन्या सुती साडीची असते, धावदोरा घातलेली, शंभरदा धुऊन सायीइतकी मऊ झालेली. भाचीच्या लेकीचीही तशी एक आहे, माझ्या आईनं शिवलेली. तिचा एक कोपरा उसवलाय आणि आतलं निळ्या काठाचं लुगडं दिसतं. पोर नेमका तोच कोपरा अंगठा आणि तर्जनीत धरून चोळत झोपते. दुसरा हातात दिला तर न बघता, अंधारातही तिला कळतं. विनिकॉटचा आग्रह असा की ती वस्तू बदलायची नाही, धुवायचीही नाही, आणि ती बाहेरून मिळाली आहे की मुलानं स्वतःच मनानं निर्माण केली आहे असा प्रश्न त्याला कधीच विचारायचा नाही. मी भाचीला सांगितलं, ती गोधडी पाळणाघरात पाठव. तिला लाज वाटत होती, इतकी मळलेली आहे म्हणून. शेवटी पाठवली. काकूंनी नुसतं विचारलं, "कुठला कोपरा?" त्यांना विनिकॉट वाचायची गरजच नव्हती.

आपल्या घरांमध्ये मुलाला एक आई कधी नव्हतीच, आजी, आत्या, काकू, शेजारीण अशा दहा मांड्यांवर पोरं वाढली, त्यामुळे हे सगळं साहेबांचं दुखणं, असं मला अनेकांनी सुनावलंय. त्यात तथ्य आहे. मनोविश्लेषक सुधीर काकर यांनी १९७८ साली भारतीय बालपणाबद्दल लिहिताना दाखवलं की आपलं बाळ पाश्चात्त्य बाळापेक्षा कितीतरी जास्त काळ आईच्या अंगाशी असतं, मागेल तेव्हा पितं, तिच्याजवळ झोपतं. आणि मग, विशेषतः मुलगा, पाच वर्षांच्या सुमाराला एकाएकी त्या उबेतून बाहेर काढला जातो. पुढे दुसऱ्या अभ्यासकांनी त्यांना आठवण करून दिली की त्या उबेत बाकीच्या बायकाही असतात. मांड्या खूप असणं ही आपली श्रीमंतीच आहे, आणि चिपळूणच्या त्या दिवसांत आत्याची मांडी नसती तर माझं काय झालं असतं, याचा विचारही मला करवत नाही. पण त्या श्रीमंतीची ग्वाही देऊन मुलाच्या एका विशिष्ट माणसासाठीच्या आकांताला गप्प करायचं, हे मला मान्य नाही. म्हणूनच घरातून निघताना मुलाची नजर चुकवून सटकायचा सल्ला मला पटत नाही. त्यानं रडणं टळतं हे खरं. पण आई कधीही, न सांगता, नाहीशी होऊ शकते हे मुलाला कळतं, आणि मग ते दिवसभर खेळतानाही दाराकडे एक डोळा ठेवतं. दारात थांबावं, जाते म्हणावं, संध्याकाळी येते म्हणावं, रडू द्यावं. आणि संध्याकाळी मुलानं पाठ फिरवली तर ते नाकारणं नाही, ती दिवसभराची थकबाकी आहे, एवढं तरी त्या थकल्या आईला कुणीतरी सांगावं. माझ्या आईला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर ती खाली बसली असती, पदराआडून मी बाहेर येईपर्यंत.

अर्न्स्टचं पुढे काय झालं, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. रीळ फेकणारा तो मुलगा मोठेपणी लंडनमध्ये मनोविश्लेषक झाला, फ्रॉइडच्या नातवंडांपैकी एकटाच. डब्ल्यू. अर्नेस्ट फ्रॉइड या नावानं त्यानं काम केलं आणि २००८ साली, नव्वदी ओलांडून, तो गेला. त्यानं आयुष्यातली पुष्कळ वर्षं दिली ती अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी. काचेच्या पेट्या, नळ्या, यंत्रांचे आवाज असलेल्या त्या कक्षांत जाऊन तो बघत बसायचा, आणि सांगायचा की या बाळांना आईचा आवाज, स्पर्श लागतो, आणि आईलाही बाळ लागतं. दोघांना काचेच्या दोन बाजूंना ठेवू नका. आता आपल्याकडे अनेक सरकारी रुग्णालयांतही अशा बाळाला आईच्या उघड्या छातीवर तासन् तास बांधून ठेवतात. शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून मातांच्या दुधाची पेढी आहे. माझा भाऊ जन्मला तेव्हा यातलं काही नव्हतं. आई दूध काढून वाटीत द्यायची आणि काचेतून बघून परत यायची.

परवा तो आला होता, तेव्हा मी त्याला अर्न्स्टची ही सगळी गोष्ट सांगितली. कापसातलं बाळ म्हणून त्याचे किस्सेही घरात खूप आहेत, त्यानं ते हजारदा ऐकलेत. रिळापाशी आणि त्या तळटिपेपाशी तो काही बोलला नाही. काचेच्या पेट्यांपर्यंत आलो तेव्हा त्यानं मध्येच विचारलं, "ताई, मी तिथे होतो तेवढे दिवस तू रात्री कुणाजवळ झोपायचीस गं?" आत्याजवळ, मी म्हणाले. आतल्या खोलीतून आई म्हणाली, "नाही. मोठ्या आजीजवळ. आत्यानं मला पत्रात लिहिलं होतं, अजून आहे ते माझ्याकडे." आणि पत्र शोधायला भावानं माळ्यावरची ट्रंक खाली काढली.